शेजारच्या बागेत फवारणी होणार असेल तर : मधमाश्यांच्या पेट्या कशा सांभाळाव्यात

कीटकनाशकाने मरणाऱ्या मधमाश्यांपैकी थेट पेटीवर फवारा उडाल्याने मरणाऱ्या फार थोड्या असतात. विष त्यांना गाठते ते फुलावर, माव्याने सोडलेल्या चिकट्यावर किंवा पानावरच्या पाण्याच्या थेंबात. म्हणून शेजारी फवारणी होणार असे कळले की पेटी झाकायला धावण्याआधी एक प्रश्न विचारावा : तिथे आत्ता काय फुललेले आहे? मोठ्या नुकसानीमागे बहुधा फुललेले झाड आणि त्यावर भर दिवसा मारलेले औषध हीच जोडी असते. ती जोडी मोडता आली तर पेटी बंद करायची किंवा हलवायची वेळ सहसा येत नाही, आणि ते बरेच, कारण दोन्ही उपायांत माश्यांना त्रास आहे.

मेलिफेरा जातीची माशी साधारण २ ते ३ किलोमीटरपर्यंत चरायला जाते. चारा कमी असेल तर ५ किलोमीटर किंवा त्याहूनही लांब जाते. सातेरी या देशी माशीचा पल्ला लहान, बहुतेक वेळा १ ते १.५ किलोमीटरच्या आतला. २ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे १२.५ चौरस किलोमीटर. एवढ्या सगळ्या भागावर लक्ष ठेवणे कोणालाच शक्य नाही. पण माश्या सगळीकडे सारख्या जात नाहीत. जवळ आणि भरपूर फुले असतील तिथे त्या आधी जातात, म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

हंगामाआधी : फुलांची यादी आणि शेजाऱ्यांशी बोलणे

पेट्यांपासून ३००-४०० मीटरच्या आतल्या बागा पायी फिरून पाहा. कोणते झाड, कोणते झुडूप, कोणती वेल कोणत्या महिन्यात फुलते ते लिहून ठेवा. हिरवळीत आपोआप उगवलेल्या क्लोव्हरसारख्या फुलांनाही यादीत जागा द्या. हिरवळीवर हुमणीसाठी औषध टाकणाऱ्याच्या डोक्यात गवत असते, त्यातली फुले नसतात, आणि माश्या तर त्या फुलांवरच असतात. अशा ठिकाणी औषधाआधी हिरवळ कापून फुले काढून टाकली, तरी धोका बराच उतरतो.

मावा, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण लागलेली झाडे वेगळी नोंदवा. या किडी गोड चिकटा सोडतात आणि फुले कमी असण्याच्या दिवसांत मधमाश्या तो गोळा करतात. त्यामुळे 'झाड फुललेले नाही, फवारायला हरकत नाही' हा नियम चिकट्याने माखलेल्या झाडाला लागू होत नाही.

शेजाऱ्यांशी पहिले बोलणे नुकसान झाल्यावर होऊ नये. तोवर दोघांच्याही मनात राग किंवा अपराधाची भावना बसलेली असते आणि खरी माहिती बाहेर येत नाही. पेट्या कुठे आहेत हे आधीच सांगा, आपला संपर्क द्या आणि फवारणीच्या किमान ४८ तास आधी कळवण्याची विनंती करा. कळवले की या गोष्टी विचारा :

- औषधाचा सक्रिय घटक कोणता? नुसते व्यापारी नाव पुरत नाही. एकाच नावाच्या मालिकेत वेगवेगळी रसायने असू शकतात.
- फवारणी, धुरळणी (कोरडी भुकटी उडवणे), मुळाशी आळवणी (औषधाचे पाणी ओतणे) की दाणेदार औषध?
- कोणत्या झाडावर, आणि त्या झाडावर किंवा त्याच्या खाली काही फुललेले आहे का?
- कोणत्या दिवशी, किती वाजता?
- सोबत बुरशीनाशक मिसळणार आहात का?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. तो का महत्त्वाचा, ते पुढे येईलच.

डासांसाठी होणाऱ्या धूर फवारणीची किंवा हवाई फवारणीची आगाऊ सूचना मिळेल अशी व्यवस्था करून ठेवा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात झिका विषाणूच्या भीतीने डासांवर नॅलेड हे औषध विमानातून फवारले गेले. वेळ होती सकाळची, माश्या बाहेर पडण्याची. त्या भागातल्या पेट्यांमध्ये लाखो माश्या मेल्या. तेच औषध रात्री फवारले असते तर नुकसान कितीतरी कमी झाले असते.

लेबल कसे वाचायचे

बाटलीवर दोन गोष्टी शोधा : सक्रिय घटक आणि औषधाचे स्वरूप. विषाची जात पहिलीवरून कळते. ते माशीच्या अंगाला किती चिकटेल आणि किती दिवस टिकेल, याचा अंदाज दुसरीवरून येतो.

घटकांपैकी सर्वांत जास्त सावधगिरी निओनिकोटिनॉइड गटाबाबत हवी : इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, क्लोथियानिडिन, डायनोटेफ्युरान. ही आंतरप्रवाही औषधे आहेत. पानावर पडोत की मुळाशी ओतली जावोत, झाडाच्या रसातून ती मकरंदात आणि परागात पोहोचतात. इमिडाक्लोप्रिड पोटात गेले तर एका माशीला मारायला काही नॅनोग्राम पुरतात. ४ नॅनोग्राम हा हिशेब धरला तर १ ग्रॅममध्ये २५ कोटी माश्यांना पुरेल एवढे विष असते. न मारणारी मात्राही निरुपद्रवी नाही. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म रेडिओ टॅग चिकटवून पाहिले. थायमेथोक्झामची थोडी मात्रा घेतलेल्या माश्यांपैकी बऱ्याच जणी पेटीकडे परतल्याच नाहीत. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा ढीग नाही, पण संख्या मात्र रोज घटते, असे दिसले तर हा गट आधी डोळ्यांसमोर आणावा. युरोपीय संघाने पहिल्या तीन रसायनांच्या उघड्यावरील वापरावर २०१८ मध्ये बंदी घातली.

शोभेच्या झुडपांना मुळाशी केलेली इमिडाक्लोप्रिडची आळवणी सर्वांत फसवी. फवारा उडत नाही, वास येत नाही, वाऱ्याचा प्रश्न नसतो, म्हणून ती सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात लाकडी खोडाच्या झाडांत हे औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ राहू शकते आणि पुढच्या बहराच्या फुलांत उतरते. अशा झाडासाठी पेटी एक रात्र बंद ठेवून काहीच साधत नाही. इथे उपयोग होतो तो फक्त आधी झालेल्या संवादाचा. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांनाही हे औषध आधीच दिलेले असू शकते. 'माश्यांना आवडणारी फुले' म्हणून रोपे विकत घेताना त्यांना काय दिले होते, हे अवश्य विचारा.

पायरेथ्रॉइड म्हणजे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन ही स्पर्शाने मारणारी औषधे. घरगुती स्प्रेमध्येही हीच असतात. शेवंतीवर्गीय फुलांपासून मिळणारे नैसर्गिक पायरेथ्रिनही माशीला विषारीच असते, पण उन्हात ते लवकर नष्ट होते. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, मॅलेथियॉन आणि कार्बारिल ही जुनी औषधे तीव्र आहेत. यांतल्या काहींचा अंश पानावर अनेक दिवस मारक राहतो. फिप्रोनिल मुंग्या-झुरळांसाठी वापरतात, तेही माश्यांना अतिशय घातक. पेटीला मुंग्या लागल्या म्हणून आजूबाजूला असे औषध टाकू नका. स्टँडचे पाय पाण्याच्या किंवा तेलाच्या वाट्यांत ठेवा.

स्पिनोसॅड जैविक म्हणून विकले जाते, पण ओले असताना ते माशीला मारते. नीट वाळल्यावर, साधारण ३ तासांनी, धोका बराच उतरतो. म्हणजे संध्याकाळी मारलेले चालू शकते, सकाळी मारलेले नाही. डायफ्लुबेन्झुरॉन, नोव्हाल्युरॉन यांसारखी कीटकांची वाढ रोखणारी औषधे मोठ्या माशीला सहसा मारत नाहीत. मात्र परागासोबत ती पेटीत गेली की अळ्यांची कात नीट निघत नाही. लेबलवर 'प्रौढ माश्यांना कमी विषारी' एवढेच लिहिलेले असेल तर ते अर्धेच उत्तर समजावे.

आता बुरशीनाशकांचा प्रश्न. एकटी असताना बहुतेक बुरशीनाशके माशीला लगेच मारत नाहीत. पण प्रोपिकोनॅझोलसारखी अॅझोल गटातली बुरशीनाशके माशीच्या शरीरातली विष निकामी करणारी विकरे (एन्झाइम) अडवतात. अॅसिटामिप्रिड हे निओनिकोटिनॉइडांतले तुलनेने सौम्य औषध. अशा बुरशीनाशकासोबत दिल्यावर प्रयोगशाळेत त्याची विषारी तीव्रता १०० पटींहून जास्त वाढलेली दिसली आहे. म्हणून 'दोन्ही एकदाच पंपात टाकू, काम वाचेल' या सवयीला स्पष्ट नकार द्या.

स्वरूप ओळखण्यासाठी लेबलवरची अक्षरे पाहा. 'डीपी' म्हणजे धुरळणीची भुकटी, ही सर्वांत वाईट. माशीच्या अंगावरच्या केसांना ती परागासारखी चिकटते, माशी ती पायांवरच्या टोपल्यांत भरून घरी नेते आणि परागाबरोबर साठवते. 'सीएस' म्हणजे सूक्ष्म कॅप्सूलमधले औषध. त्यातल्या कॅप्सूलही परागकणांसारख्याच चिकटतात आणि औषध हळूहळू सोडतात. 'डब्ल्यूपी' ही पाण्यात मिसळायची भुकटी पानावर जास्त काळ राहते. 'ईसी' आणि 'एसएल' ही द्रव स्वरूपे त्या मानाने लवकर वाळतात. 'जीआर' म्हणजे दाणेदार. स्पर्शाच्या दृष्टीने हे सर्वांत कमी धोक्याचे, पण घटक आंतरप्रवाही असेल तर वर आळवणीबद्दल सांगितलेले सगळे लागू होते.

शेजाऱ्याला सुचवण्यासारखे पर्याय

'फवारू नका' एवढेच सांगून कोणी थांबत नाही. कीड त्याच्या डोळ्यांसमोर असते. म्हणून त्या किडीवरचा दुसरा उपाय हातात द्यावा लागतो.

माव्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्यावा. तो पुरला नाही तर कीटकनाशक साबणाचे द्रावण. साबण ओला असताना अंगावर पडेल त्याच किडीला मारतो, वाळल्यावर काही उरत नाही. तेच बागायती तेलांचे. माशी फुलावर बसलेली असताना दोन्ही वापरू नयेत, एवढे पथ्य. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी बीटी हे जिवाणूजन्य औषध आहे आणि मधमाश्यांना त्यापासून धोका नाही. साठलेल्या पाण्यातल्या डासांच्या अळ्यांसाठी त्याचाच बीटीआय हा प्रकार वापरतात. त्याने पाण्यातच डास आवरले तर संध्याकाळच्या धुराची गरज कमी होते. कडुनिंबाचे तेल आणि निंबोळी अर्क प्रौढ माश्यांना तुलनेने सौम्य आहेत, तरीही ते फुलांवर मारू नयेत.

आणखी एक सांगावे : माव्याच्या वसाहतीत ढालकिडे, सिरफिड माशीच्या अळ्या किंवा क्रायसोपाची अंडी दिसत असतील तर आठवडाभर थांबा. पायरेथ्रॉइड मारले की हे मित्रकीटक आधी मरतात आणि मावा पुन्हा जोमाने येतो. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी असे चक्र सुरू होते, आणि प्रत्येक फेरीत माश्यांना नवा धोका.

फवारणी अटळ असेल तर वेळ, वारा आणि फुले

१. फुललेल्या भागावर औषध नको. पाकळ्या गळून जाईपर्यंत थांबणे सर्वांत चांगले. झाडाखालचे फुललेले तण आधी कापून घ्यावे, कारण वरून गळणारा फवारा त्यावरच पडतो. २०१३ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात विल्सनविल इथे माव्यासाठी फुललेल्या लिंडन झाडांवर डायनोटेफ्युरान फवारले गेले आणि अंदाजे ५०,००० बंबलबी माश्या झाडांखाली मरून पडल्या.

२. सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर फवारावे, म्हणजे औषध वाळायला पूर्ण रात्र मिळते. पहाटेची वेळ दुसऱ्या क्रमांकाची, कारण माश्या निघेपर्यंत पान वाळतेच असे नाही. मेलिफेरा माश्या साधारण १२-१३ अंश सेल्सिअस तापमानाच्या वर उडू लागतात, त्यामुळे उबदार दिवसांत सकाळ फार लवकर सुरू होते. भरपूर दव पडणार असेल तर ती रात्र टाळा. थंड, ओल्या रात्री औषध वाळत नाही आणि सकाळी दवाने पुन्हा ओले होते.

३. वारा पेट्यांकडून बागेकडे, ताशी ५ ते १५ किलोमीटर असावा. वारा अजिबात नसणे चांगले, असा सर्वत्र समज आहे, पण तो चुकीचा. संध्याकाळी जमीन लवकर थंड झाली की थंड हवा खाली अडकते, बारीक तुषार खाली बसत नाहीत आणि आडवे सरकत लांब जातात. तपासायला माश्यांना धूर देण्याचे धुराडे पेटवा. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत राहिला तर फवारणी थांबवा.

४. नोझल मोठ्या थेंबांचे, दाब कमी आणि तोंड पानाच्या जवळ. लागलेल्या फांदीपुरतेच औषध मारायचे, सगळी बाग धुऊन काढायची नाही.

पाण्याची सोय

पेट्यांपासून १५-२० मीटरवर स्वच्छ पाण्याचे उथळ भांडे, उतरायला खडे किंवा लाकडाच्या ढलप्या. हंगाम सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे ते लावा आणि एकदाही कोरडे पडू देऊ नका. माशीला एकदा पाण्याची जागा ठरली की ती सहसा बदलत नाही, म्हणून फवारणीच्या आदल्या दिवशी ठेवलेल्या भांड्याकडे कोणी फिरकत नाही. पाणी जवळ असले म्हणजे पहाटे पानांच्या टोकांशी येणारे रसाचे थेंब आणि फवारणीनंतर पन्हाळीत, कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी यांकडे माश्या कमी वळतात. फवारणीच्या रात्री भांडे झाका आणि सकाळी पाणी बदला.

पेटी बंद करणे : शेवटचा उपाय

काही तासांत वाळून निष्प्रभ होणाऱ्या औषधासाठीच हा उपाय. दिवसेंदिवस टिकणाऱ्या औषधासाठी तो निरुपयोगी.

आदल्या दिवशी पेटीवर एक रिकामा मधकोठा (मध साठवण्याचा वरचा कप्पा) चढवा, म्हणजे कोंडलेल्या माश्यांना गोळा व्हायला जागा मिळेल. झाकणाऐवजी ३ मिलिमीटर छिद्रांची तारेची जाळी बसवा आणि तिच्यावर चार बोटे अंतर सोडून सावलीसाठी फळी ठेवा. अंधार पडल्यावर दारालाही जाळीच लावा. घट्ट फळीने दार कधीही बंद करू नका. गरम संध्याकाळी माश्या पेटीबाहेर लोंबत असतील तर पाण्याचा हलका शिडकावा करा, त्या आत जातील. जाळीवर ओला स्पंज ठेवा. सकाळी दर दीड-दोन तासांनी जाळीवर पाणी शिंपडा आणि फवारा वाळल्याची खात्री झाली की दार उघडा. दुपारपर्यंत हा काळ संपावा.

बिघडते ते असे. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, ३४-३५ अंश तापमान लागते आणि ते राखण्यासाठी माश्या पंखांनी हवा खेळवतात. दार बंद झाल्यावर चरणाऱ्या माश्या बिथरून दाराशी गर्दी करतात, तीच गर्दी हवा अडवते, उष्णता वाढते, मेणाचे पोळे मऊ होऊन खचते आणि मध वाहून सगळी वसाहत त्यात बुडते. विषाने जितक्या मेल्या असत्या त्याहून जास्त माश्या अशा गुदमरून मरू शकतात. म्हणून बाहेर ३० अंशांच्या वर तापमान जाणार असेल, पेटी उन्हात असेल किंवा वसाहत खूप भरलेली असेल तर दार बंद करू नका. त्याऐवजी संपूर्ण पेटी ओल्या गोणपाटाने सैलसर झाका. माश्या कडेने थोड्या बाहेर पडतात, पण चरायला जाणे खूप कमी होते. गोणपाट वाळू द्यायचे नाही.

पेटी हलवणे

टिकाऊ औषध मोठ्या भागावर मारले जाणार असेल तरच. रात्री, दाराला जाळी लावून, चौकटी हलणार नाहीत अशा आवळून, जुन्या जागेपासून किमान ५ किलोमीटर लांब न्या. कमी अंतरावर नेली तर माश्या ओळखीच्या परिसरातून जुन्या जागी परततात आणि तिथेच घोळका करून मरतात. आंतरप्रवाही औषध असेल तर त्या झाडाचा बहर संपेपर्यंत परत आणू नका.

विषबाधा ओळखणे

भरलेल्या पेटीसमोर रोज १०० पर्यंत मेलेल्या माश्या हे नेहमीचे. २०० ते ४०० म्हणजे सौम्य विषबाधेची शंका, ५०० ते ९०० मध्यम आणि १,००० च्या वर तीव्र. मोजायला दारासमोर पांढरे कापड अंथरा.

जीभ बाहेर आलेली, काहींच्या पायांवर पराग तसाच, थरथर, गोल फिरणे, पाठीवर पडून तडफडणे, दाराशी नेहमीपेक्षा जास्त आक्रमकपणा, या खुणा पाहा. ऑर्गेनोफॉस्फेट गटात (क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट, मॅलेथियॉन) माश्या मध ओकून ओल्या, चिकट दिसतात. पण थरथरणाऱ्या, केस गळून काळ्या चकचकीत झालेल्या माश्या पक्षाघाताच्या विषाणूनेही दिसतात, आणि पोळ्याच्या कोशांत डोके खुपसून मेलेल्या माश्या उपासमारीच्या असतात. फरक वेगाचा आहे. विषबाधेत एक-दोन दिवसांत, एकाच ठिकाणच्या अनेक पेट्यांत आणि आधी सशक्त पेट्यांत मर दिसते, कारण चरायला जाणाऱ्या माश्या त्यांच्यातच जास्त.

खूण दिसताच, त्याच दिवशी, ताज्या मेलेल्या किंवा मरणाऱ्या किमान ३०० माश्या स्वच्छ कागदात गुंडाळून, वर तारीख, वेळ आणि पेटी क्रमांक लिहून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हात पडलेल्या माश्यांमधले औषध झपाट्याने विघटित होते आणि दोन दिवसांनी केलेल्या तपासणीत काहीच सापडत नाही. नमुन्याचे दोन भाग करा आणि एक स्वतःकडे राहू द्या. कापडाचे आणि दाराचे फोटो, व्हिडिओ, फुललेली झाडे, वाऱ्याची दिशा, सगळे त्याच वेळी नोंदवा.

उरलेल्या वसाहतीची काळजी

फक्त बाहेरच्या माश्या मेल्या असतील, आत पिलावा आणि त्याला भरवणाऱ्या दाई माश्या ठीक असतील, तर दार २-३ सेंटिमीटरपर्यंत लहान करा, म्हणजे दुसऱ्या पेटीतल्या माश्या कमजोर पेटीतला मध लुटणार नाहीत. साखर आणि पाणी वजनाने समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्या. आतल्या तरुण माश्याही रोज मरत असतील किंवा अळ्या मरून बाहेर टाकल्या जात असतील, तर विष साठवलेल्या परागात आहे असे धरा. अलीकडच्या परागाच्या चौकटी काढून बाजूला ठेवा आणि परागाचा पर्यायी आहार द्या. त्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नका आणि त्या हंगामातला मध काढू नका.

८-१० दिवसांनी पेटी उघडून ताजी अंडी आहेत का ते पाहा. राणी असेल पण पिलावा झाकण्याइतक्या माश्या उरल्या नसतील तर निरोगी पेटीतून बाहेर पडायला आलेल्या पिलाव्याची एक चौकट द्या. राणी नसेल तर मधे वर्तमानपत्राचा कागद ठेवून ती वसाहत दुसरीत मिसळा, पण आधी तिच्यातले संशयित पराग काढलेले असावेत. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस लागतात आणि ती चरायला निघण्याआधी आणखी साधारण तीन आठवडे जातात. तोवर पाक चालू ठेवा आणि वर मधकोठा चढवू नका.